ऑनलाइन खरेदीतील पोहोच व हाताळणी शुल्क : ग्राहकन्यायाच्या दृष्टीने एक विवेचन (विशेष संदर्भ : मेहरूण, जळगाव)

प्रस्तावना :

जळगाव शहरात सामावलेले मेहरूण हे गाव तेथील तलावामुळे आणि बोरांमुळे खानदेशात ओळखले जाते. एकेकाळी येथील रहिवाशाला कापड, पुस्तके, घरगुती उपकरणे यांसाठी जळगावच्या बाजारपेठेत जावे लागे. आणि जे तेथे मिळत नसे त्यासाठी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या नातेवाइकाची वाट पाहावी लागे. आज त्याच घरातील विद्यार्थी, गृहिणी किंवा नोकरदार भ्रमणध्वनीवरून वस्तू मागवतो व ती दाराशी येते. ही सोय निर्विवाद आहे. मात्र ज्या किमतीला वस्तू पसंत केली, त्याच किमतीला ती हाती पडते असे नाही. मागणी नोंदवताना शेवटच्या टप्प्यावर पोहोच शुल्क, हाताळणी शुल्क, रोखीने पैसे देण्याचे शुल्क अशा रकमा किमतीत मिळवल्या जातात. प्रत्येक रक्कम लहान असते. पण लहान खरेदी करणाऱ्याच्या दृष्टीने ती लहान नसते.

ही शुल्के न्याय्य आहेत काय, हा प्रश्न वरवर पाहता व्यक्तिगत कुरकुरीचा वाटतो. वास्तविक त्यामागे किंमत कशी ठरते, वाहतुकीचा खर्च कोणी सोसावा आणि ग्राहकाला खरी किंमत केव्हा कळावी, हे अर्थशास्त्र व कायदा या दोन्ही शाखांचे प्रश्न आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार केला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. पोहोच व हाताळणी शुल्काची संकल्पना आणि ते ठरण्याची पद्धत स्पष्ट करणे.
२. छापील कमाल किंमत व ही शुल्के यांचा परस्परसंबंध तपासणे.
३. मेहरूणसारख्या ठिकाणच्या लहान ग्राहकावर पडणाऱ्या भाराचे स्वरूप समजून घेणे.
४. प्रचलित कायदेशीर तरतुदींच्या आधारे शुल्काच्या न्याय्यतेच्या कसोट्या मांडणे.

संकल्पना :

पोहोच शुल्क म्हणजे वस्तू विक्रेत्याच्या गोदामापासून ग्राहकाच्या दारापर्यंत नेण्याचा मोबदला. हाताळणी शुल्क म्हणजे वस्तू गोदामातून काढणे, तपासणे, वेष्टनात बांधणे, तिच्यावर पत्ता लावणे या कामांचा मोबदला. पहिल्या शुल्काचे मोजमाप अंतर व वजन यांवरून करता येते. दुसऱ्याचे मोजमाप ग्राहकाला करता येत नाही, कारण ही कामे त्याच्या नजरेआड होतात. म्हणूनच वादाला अधिक जागा हाताळणी शुल्कात असते.

यांच्या जोडीला अलीकडे तिसरा प्रकार रूढ झाला आहे. तो म्हणजे मंचशुल्क, ज्याला व्यवहारात 'प्लॅटफॉर्म फी' म्हणतात. खाद्यपदार्थ घरपोच देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी २०२३ मध्ये प्रत्येक मागणीमागे २ रुपयांपासून त्याची सुरुवात केली आणि २०२५ पर्यंत ही रक्कम १० रुपयांच्या पुढे गेली. अंतर वाढले म्हणून किंवा वजन वाढले म्हणून ही वाढ झालेली नाही, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

पूर्वपीठिका :

वस्तूची किंमत वेगळी आणि ती पोहोचवण्याचा खर्च वेगळा, ही रीत मराठी ग्राहकाला नवी नाही. भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये मूल्यदेय टपालाची, म्हणजेच व्ही.पी.ची सोय सुरू केली. पोस्टमनने पार्सल दारात आणावे, ग्राहकाने पैसे मोजून ते सोडवून घ्यावे, अशी ही पद्धत होती. आजच्या 'वस्तू मिळाल्यावर पैसे' या व्यवस्थेचे मूळ तिच्यात आहे. पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या जाहिरातींत किमतीच्या शेजारी 'टपालखर्च वेगळा' असे छापण्याचा प्रघात होता. तो खर्च ग्राहकाला खटकत नसे, याची कारणे दोन होती. एक, तो किमतीच्या बरोबरीनेच, आधी सांगितला जाई. दुसरे, टपालाचे दर सरकारने ठरवलेले व सर्वांना ठाऊक असत. प्रकाशकाला त्यात मनमानी करण्यास फारसा वाव नसे.

खानदेशातील शेतकऱ्याला दुसरा अनुभव परिचयाचा आहे. बाजार समितीत माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबपट्टीत हमाली, तोलाई, अडत अशा कपाती असत. कोणती कपात घ्यावी, कोणती घेऊ नये आणि ती कोणी सोसावी, यांवर नियम व्हावे लागले. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वाहतूक व हाताळणीचा खर्च खरा असतो. परंतु तो कोणाच्या नावे लिहावा हे निसर्गनियमाने ठरत नाही. ते व्यवहारातील दोन पक्षांच्या बळावर किंवा कायद्याने ठरते.

शुल्क ठरण्याची पद्धत :

पोहोच शुल्कात तीन घटक प्रमुख असतात : अंतर, वजन आणि आकारमान.

अंतराचा परिणाम टपाल खात्याच्या दरपत्रकावरून चांगला समजतो. स्पीड पोस्टचे कागदपत्रांसाठीचे सुधारित दर १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. त्यांनुसार ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटास स्थानिक हद्दीत १९ रुपये व त्यापलीकडे देशात कोठेही ४७ रुपये पडतात. २५१ ते ५०० ग्रॅमच्या पाकिटास स्थानिक हद्दीत २८ रुपये, २०१ ते ५०० किलोमीटरसाठी ७५ रुपये आणि २००० किलोमीटरच्या पुढे ९३ रुपये असा दर आहे. वस्तू व सेवा कर वेगळा. म्हणजे मुंबईतील प्रेषकाने अर्धा किलोचे पाकीट मुंबईतच पाठवले तर २८ रुपये, आणि तेच जळगावला पाठवले तर ७५ रुपये लागतात. मेहरूणच्या ग्राहकाने अधिक शुल्क देण्यामागे काही अंशी खरा खर्च आहे, हे यावरून मान्य करावे लागते. मात्र २८ वरून ७५ वर जाणारा हाच दर पुढे दोन हजार किलोमीटरपलीकडे केवळ ९३ पर्यंत जातो. खर्चाचा मोठा भाग अंतरावर नव्हे, तर वस्तू गोळा करणे, वर्गवारी करणे व अखेरच्या टप्प्यात दारोदार वाटणे यांवर होतो, असा याचा अर्थ आहे.

आकारमानाचा घटक सर्वसामान्य ग्राहकाला अपरिचित असतो. कुरियर व्यवसायात खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला साधारणतः ५००० ने भागतात व येणाऱ्या आकड्याला आकारमानी वजन म्हणतात. प्रत्यक्ष वजन व आकारमानी वजन यांपैकी जे अधिक, त्यावर आकारणी होते. समजा, प्लास्टिकच्या डब्यांचा संच ४० × ३० × २० सेंटिमीटरच्या खोक्यात बांधला व त्याचे प्रत्यक्ष वजन दीड किलो भरले. गुणाकार २४,००० येतो. त्याला ५००० ने भागले असता ४.८ किलो होतात. ग्राहकाला दीड किलोच्या वस्तूवर जवळपास पाच किलोचे भाडे पडते. वाहनातील जागा अडते हे त्याचे कारण रास्तच आहे. परंतु लहान वस्तू विनाकारण मोठ्या खोक्यात बांधली गेली असेल, तर विक्रेत्याच्या निष्काळजीपणाची किंमत ग्राहक मोजतो.

पत्ता कोणत्या टप्प्यात येतो हे पिनकोडवरून ठरते. ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली व तिचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी भाषक टपाल अधिकारी आणि संस्कृत कवी होते. सारख्या नावांच्या गावांमुळे पत्रे चुकू नयेत हा तिचा हेतू होता. आज तोच क्रमांक घातल्यावर 'या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही' किंवा 'जादा शुल्क लागू' असे उत्तर मिळू शकते. पत्त्याची खूण ही आता शुल्काची खूणही झाली आहे.

छापील कमाल किंमत आणि शुल्क :

आवेष्टित वस्तूंवर 'सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत' छापण्याचे बंधन आहे व त्यापेक्षा अधिक दराने विक्री करता येत नाही. मग ५०० रुपये छापील किमतीची वस्तू ५०० रुपये अधिक ६० रुपये पोहोच शुल्क अशी विकणे कायद्याचा भंग ठरतो काय? सामान्यतः नाही. छापील किंमत ही वस्तूची असते. घरपोच देणे ही स्वतंत्र सेवा मानली जाते. हॉटेलमध्ये बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा अधिक दराने देण्याबाबतच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असाच विचार स्वीकारला. तेथे नुसती विक्री नसून वस्तूबरोबर सेवाही दिली जाते, असे मानले गेले.

तथापि कायदेशीर आणि न्याय्य हे दोन शब्द समानार्थी नाहीत. छापील किमतीत काय काय सामावलेले असते, हे पाहिले पाहिजे. आवेष्टित वस्तूंसंबंधीच्या १९७७ च्या नियमांतील स्पष्टीकरणात कमाल किमतीमध्ये कर, वाहतूक, विक्रेत्यांचे कमिशन, जाहिरात, पोहोच, बांधणी इत्यादी सर्व खर्च अंतर्भूत मानले होते. अर्थात कारखान्यापासून जळगावातील दुकानाच्या फळीपर्यंतचा प्रवास, दुकानाचे भाडे, वीज, नोकराचा पगार व दुकानदाराचा नफा हे सारे त्या आकड्यात धरलेले असते. ऑनलाइन विक्रेत्याला मेहरूणमध्ये दुकान थाटावे लागत नाही. त्याने वस्तू पूर्ण छापील किमतीस विकून वर पोहोच शुल्क घेतले, तर ग्राहक जे दुकान नाही त्याचाही खर्च देतो आणि दारापर्यंतच्या प्रवासाचाही. उलट, वस्तू छापील किमतीपेक्षा पुरेशा कमी दरात देऊन नंतर शुल्क घेतले, तर दुकानाच्या खर्चातील बचत ग्राहकाला परत मिळाली असे म्हणता येईल.

यावरून तुलनेची एक व्यवहार्य पद्धत हाती येते. एका बाजूस ऑनलाइन किंमत व सर्व शुल्के यांची बेरीज ठेवावी. दुसऱ्या बाजूस स्थानिक दुकानातील प्रत्यक्ष दर व तेथे जाण्या-येण्याचा खर्च ठेवावा. मेहरूणहून जळगावची बाजारपेठ फार दूर नाही. त्यामुळे दुसरी बाजू येथे सहसा लहान राहते. एखाद्या आडगावातील ग्राहकाचे गणित वेगळे येईल. तेच शुल्क एकाला महाग व दुसऱ्याला स्वस्त ठरू शकते.

शुल्क वेगळे दाखवण्याचा परिणाम :

एकूण रक्कम तीच राहणार असेल, तर ती एका आकड्यात सांगितली काय आणि दोन आकड्यांत सांगितली काय, फरक पडू नये. प्रत्यक्षात तो पडतो. मॉर्विट्झ, ग्रीनलीफ आणि जॉन्सन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विभागून सांगितलेल्या किमतीतील जोडरक्कम ग्राहक पुरेशी हिशेबात घेत नाही व एकूण खर्च कमी आठवतो, असे दाखवले. हुसेन व मॉर्गन यांनी २००६ मध्ये ई-बे या लिलाव मंचावर संगीताच्या तबकड्या व व्हिडिओ खेळ विकून प्रयोग केला. आरंभीची बोली कमी व पाठवणी शुल्क अधिक ठेवले असता विक्रेत्याच्या हाती बहुधा अधिक पैसे आले. पुढे ई-बेने २०११ मध्ये अमेरिकेत आपले कमिशन पाठवणी शुल्कावरही आकारण्यास सुरुवात केली. वस्तूची किंमत नाममात्र ठेवून नफा शुल्कात लपवण्याची वाट त्यामुळे बऱ्याच अंशी बंद झाली.

'मोफत पोहोच' हाही याच विषयाचा दुसरा चेहरा आहे. पोहोचवण्याचा खर्च कधीच शून्य नसतो. तो वस्तूच्या किमतीत मिसळला जातो, विक्रेत्याच्या कमिशनमधून वसूल होतो किंवा भांडवलदारांच्या पैशातून काही काळ सोसला जातो. ठरावीक रकमेपुढील खरेदीस पोहोच मोफत, ही अट ग्राहकाला नको असलेली वस्तू घ्यावयास लावते. समजा, ही मर्यादा ५०० रुपये आहे आणि ग्राहकाला ४२० रुपयांची वस्तू हवी आहे. ४० रुपये शुल्क वाचवण्यासाठी तो ८० रुपयांची दुसरी वस्तू घेतो. ती उपयोगाची नसेल, तर ४० रुपये वाचले नाहीत. उलट ४० अधिक गेले.

लहान ग्राहकावरील भार :

शुल्क सरसकट असले तरी भार सरसकट नसतो. समजा, प्रत्येक मागणीस पोहोचेचे ४० रुपये व रोखीचे १० रुपये, असे ५० रुपये आकारले जातात. २००० रुपयांच्या खरेदीवर हा भार अडीच टक्के पडतो. २०० रुपयांच्या खरेदीवर पंचवीस टक्के. मोठी खरेदी करणाऱ्यास पोहोच बहुधा मोफत असल्याने प्रत्यक्षातील दरी याहून रुंद होते. वार्षिक वर्गणी भरून मोफत पोहोच मिळवण्याची सोयही वारंवार खरेदी करणाऱ्यालाच परवडते. वर्षाकाठी चार-सहा वस्तू मागवणारा विद्यार्थी, ऑनलाइन पैसे देण्यास कचरणारा वृद्ध आणि थोड्या रकमेची खरेदी करणारी गृहिणी यांच्याकडून घेतलेल्या शुल्कावर मोठ्या ग्राहकाच्या सवलतीचा काही भाग उभा राहतो, असे म्हणण्यास जागा आहे.

रोखीने पैसे देण्यावरील शुल्काबाबत दुसरी बाजूही आहे. रोख गोळा करणे, मोजणे, भरणा करणे यांस खर्च येतो. शिवाय दाराशी आलेली वस्तू ग्राहकाने नाकारली तर दुहेरी वाहतूक पडते. परंतु ज्या ग्राहकाला वस्तूची खात्री नाही, त्याच्या दृष्टीने रोखीची पद्धत ही चैन नसून संरक्षण आहे. अशा शुल्कांविषयी आलेल्या तक्रारींची चौकशी सुरू केल्याचे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले.

मेहरूणची बोरे या प्रश्नाची उलट बाजू दाखवतात. स्वस्त, वजनदार व नाशवंत माल दूरच्या ग्राहकाला थेट पाठवावयाचा तर पाठवणीचा खर्च मालाच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. खर्च शुल्क म्हणून लावला तर ग्राहक मिळत नाही. स्वतः सोसला तर नफा उरत नाही. मोठ्या कंपनीला घाऊक दराने मिळणारी वाहतूक लहान उत्पादकाला मिळत नाही. म्हणून प्रत्येक शुल्काला लूट म्हणणेही योग्य होणार नाही.

कायदेशीर तरतुदी :

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला व त्याखालील ई-वाणिज्य नियम २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झाले. या नियमांनुसार विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोडही द्यावयाची असते. त्या फोडीत पोहोच, टपाल, हाताळणी, वाहतूक व कर यांचा स्वतंत्र उल्लेख अपेक्षित आहे. आधीच खूण केलेल्या चौकटीद्वारे ग्राहकाची संमती गृहीत धरता येत नाही. सदोष, बनावट, जाहिरातीशी विसंगत किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आलेली वस्तू परत घेण्यास वा तिचा मोबदला परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एका महिन्यात करावे लागते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत तेरा प्रकार नमूद आहेत. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे आणि ग्राहकाच्या नकळत खरेदीच्या यादीत जादा बाब घालणे, हे त्यांतील दोन प्रकार प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहेत. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन मंचांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्यास सांगितले.

या तरतुदींचा भर शुल्क उघड करण्यावर आहे. पोहोच शुल्काला कमाल मर्यादा त्यांनी घातलेली नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार ग्राहकाने चौदा दिवसांत खरेदी रद्द केल्यास वस्तूच्या किमतीबरोबर साध्या पाठवणीचे शुल्कही परत करावे लागते. भारतात मोबदला परत करण्याचे बंधन असले तरी पोहोच शुल्काचा असा स्पष्ट उल्लेख झाल्यास पुष्कळ वाद टळतील.

न्याय्यतेच्या कसोट्या :

वरील विवेचनावरून चार कसोट्या मांडता येतात. पहिली, पूर्वसूचना : पिनकोड घातल्याबरोबर, निवड होण्यापूर्वी एकूण रक्कम कळली पाहिजे. दुसरी, खर्चाशी संबंध : शुल्काचे नाव व त्यामागील काम यांचा मेळ असावा, जे कोणत्याही निश्चित कामाशी जोडता येत नाही ते शुल्क नसून किंमतवाढ होय. तिसरी, पर्याय : सावकाश पोहोच, जवळच्या केंद्रातून स्वतः वस्तू नेणे किंवा एकत्र मागणी यांपैकी काही स्वस्त मार्ग ग्राहकास उपलब्ध असावा. चौथी, परतफेड : दोष विक्रेत्याचा असेल तर जाण्या-येण्याचा सर्व खर्च त्यानेच सोसावा. या चारही कसोट्यांना उतरणारे शुल्क अधिक असले तरी न्याय्य ठरते. यांपैकी पहिलीलाच न उतरणारे शुल्क दोन रुपयांचे असले तरी अन्याय्य ठरते.

उपाययोजना :

ग्राहकाने मागणी नोंदवण्यापूर्वी एकूण रकमेची स्थानिक दुकानातील दराशी तुलना करावी व शेवटच्या पानाचे छायाचित्र जपून ठेवावे. पुस्तकांसाठी टपाल खात्याच्या सेवेचा विचार करावा. १ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या 'ज्ञान पोस्ट' सेवेत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये व ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असा दर ठेवण्यात आला. शेजारच्या कुटुंबांनी एकत्र मागणी केल्यास सरसकट शुल्क विभागले जाते. हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून सामूहिक खरेदी व वितरणाची पद्धत रुजवली. महाविद्यालयांतील ग्राहक मंच वसतिगृहातील विद्यार्थ्यांसाठी असा प्रयोग करू शकतील.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. विक्रेत्याचे कार्यालय बंगळूर वा दिल्लीत असले तरी २०१९ च्या अधिनियमानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल करता येते; मेहरूणच्या ग्राहकाला त्यासाठी जळगावबाहेर जाण्याचे कारण नाही.

समारोप :

वस्तू घरी आणून देणाऱ्याला त्याच्या श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे. त्यामुळे पोहोच शुल्क असावे की नसावे, हा खरा वाद नाही. ते केव्हा सांगितले जाते, कशासाठी घेतले जाते आणि व्यवहार फसल्यास परत मिळते काय, यांवर त्याची न्याय्यता अवलंबून आहे. 'टपालखर्च वेगळा' या जुन्या शब्दांत खर्च ग्राहकावरच टाकलेला असे, पण तो किमतीच्या शेजारी, उघडपणे टाकलेला असे. आजच्या ऑनलाइन विक्रेत्याकडूनही तेवढ्याच उघडपणाची अपेक्षा आहे. आणि ती पूर्ण न झाल्यास दोन रुपयांसाठीही विचारणा करण्याचा अधिकार मेहरूणच्या ग्राहकाला कायद्याने दिलेला आहे.